ऑडिट आणि सल्ला: एकच फर्म की दोन वेगळ्या?

ऑडिटर नेमला की पुढचा प्रश्न येतोच. करसल्ला, मूल्यांकन, हिशेबाची प्रणाली बसवणं ही कामंही त्याच फर्मला द्यायची, की दुसरी बघायची?

एकाच फर्मची सोय खरी आहे. तिला धंद्याची खडान्‌खडा माहिती असते, कागद दोनदा काढावे लागत नाहीत आणि फीसुद्धा बहुधा कमी पडते. लहान कंपनीत दोन-तीन माणसं सगळे हिशेब सांभाळत असतील, तर दुसऱ्या फर्मला तेच सगळं नव्याने समजावणं जिवावर येतं.

आता दुसरी बाजू. समजा, फर्मच्या सल्लागार टीमने बुडीत येण्यांसाठी किती तरतूद करायची याचा हिशेब करून दिला. वर्षअखेरीला त्याच फर्मचा ऑडिट असिस्टंट येण्यांची यादी घेऊन बसतो. वर्षभर छदामही न आलेली काही मोठी बिलं तरतुदीतून सुटलेली त्याला दिसतात. क्वेरी काढायची म्हणजे आपल्याच पार्टनरचं काम चुकलं असं लेखी द्यायचं. पोरगा प्रामाणिक असला तरी हात अडखळतोच. हिशेब दुसऱ्या फर्मचा असता, तर ती क्वेरी तेव्हाच निघाली असती.

लेखापालांची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता स्वहित, अतिपरिचय, दबाव या धोक्यांच्या जोडीला ‘स्वतःचंच काम स्वतः तपासणं’ हाही धोका धरते. वस्तुनिष्ठता ती प्रत्येक लेखापालाकडून मागते, अगदी नोकरीतल्याकडूनही. ऑडिटरने मात्र त्यापुढे जाऊन स्वतंत्र असायचं आणि तसं दिसायचंही. हे दिसणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण अहवालावर विसंबणारी बँक किंवा भागधारक ऑडिटरच्या मनात डोकावू शकत नाहीत.

२००० साली आर्थर अँडरसन या ऑडिट फर्मला एन्रॉन या अमेरिकन ऊर्जा कंपनीकडून ऑडिटचे सुमारे अडीच कोटी डॉलर मिळाले आणि इतर कामांचे त्याहूनही जास्त, सुमारे २.७ कोटी. पुढच्याच वर्षी एन्रॉन दिवाळखोरीत गेली. २००२ च्या सार्बेन्स-ऑक्स्ली कायद्याने अमेरिकेतल्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या ऑडिटरना हिशेब लिहिणं, मूल्यांकन, अंतर्गत ऑडिट अशी कामं त्याच कंपनीसाठी करायला बंदी घातली.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने सरळ दोन फर्म घ्याव्यात. बऱ्याच कामांपुरता कायदा तिथे पर्यायच ठेवत नाही. खासगी लहान कंपनीने कायद्यात बसत असेल तर कर विवरणपत्र ऑडिटरकडून भरून घ्यायला माझी हरकत नाही, मात्र निर्णय व्यवस्थापनाचेच हवेत. ताळेबंदात जाणारा आकडा ज्या कामातून निघतो, ते काम बाहेरच द्यावं, चार पैसे जास्त गेले तरी.

करार करण्याआधी फर्मला एक विचारा: तुमच्या एकूण उत्पन्नात आमचा वाटा किती? लोकहिताशी जोडलेल्या (शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या, बँका अशा) कंपन्यांच्या बाबतीत हा वाटा सलग दोन वर्षं १५ टक्क्यांच्या वर गेला, तर संहिता त्याची वेगळी दखल घ्यायला लावते. उत्तर द्यायला फर्म टाळाटाळ करू लागली, तर तिला ऑडिटही देऊ नका.