सागाचे ओंडके ओढायला हत्ती की ट्रॅक्टर?

म्यानमारच्या सागवान जंगलात दोन्ही वापरले गेले. वेगात ट्रॅक्टरच पुढे. त्याला ना विश्रांती लागते, ना चारा. हत्ती मात्र उन्हाळ्यात काम करू शकत नाही. त्याचा हंगाम पावसाळा आणि हिवाळ्याचा.

पण मला महत्त्वाचा फरक वाटतो तो रस्त्याचा. ट्रॅक्टर आत न्यायचा तर आधी वाट फोडावी लागते, त्यासाठी न विकली जाणारी झाडंही जातात. चाकांखाली माती दबते, मग पाणी मुरत नाही, रोपं धरत नाहीत. शिवाय एकदा रस्ता झाला की चोरटे तोडणारेही त्याच रस्त्याने येतात. हत्तीला ओंडक्यापुरती पायवाट पुरते. तो चढउतारावर उभ्या झाडांमधून वळसे घेत जातो.

१८५६ पासून जर्मन वनतज्ज्ञ डीट्रिख ब्रँडिसने तिथे घालून दिलेली निवडक तोडीची पद्धत हत्तीला साजेशी होती. ठराविक घेराचंच झाड निवडायचं, बुंध्याभोवती खोल खाच पाडून ते दोन-तीन वर्षं उभंच वाळवायचं. ओला साग पाण्यात बुडतो, वाळलेला तरंगतो. म्हणून हत्तीने ओंडका ओढ्यापर्यंत आणला की पुढचं काम नदीचं.

हत्तीच्या बाजूने बोलताना एक गोष्ट टोचते. त्याला माणसाळवण्याची रीत क्रूर आहे. आपल्या गडचिरोलीतल्या कमलापूरचे हत्तीही मुळात लाकूड ओढायलाच आणलेले. तरीही जंगल टिकवायचं असेल, तर तिथे ट्रॅक्टरसाठी रस्ता फोडायला माझा विरोधच राहील.