मासेमारीचा स्वस्तातला रॉड-रीळ सेट: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

रॉड, रीळ, दोरा आणि गळांची डबी, सगळं एकाच पिशवीत घालून नवशिक्यांना विकतात, तसला स्वस्तातला सेट वापरतोय. पैसे वसूल झाले ते रॉडमुळे. रीळ कामचलाऊ, आणि बाकीचा ऐवज नसता तरी चाललं असतं.

रॉड सात फुटी, दोन तुकड्यांचा, फायबरग्लासचा. ग्रॅफाइटपेक्षा जड आहे आणि माशाने आमिषाला नुसतं टोचलं तर हाताला उशिरा कळतं. पण दगडावर आपटला, डिकीत सामानाखाली दबला, तरी टिकून आहे. शिकाऊ हाताला हेच हवं. एकात एक सरकणारा टेलिस्कोपिक मुद्दाम टाळला. सांध्यांत वाळू गेली की तो धड उघडत नाही, धड मिटत नाही. कोणताही घ्या, दोरा जिच्यातून जातो त्या रॉडवरच्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवून बघा. तंतू अडकला तर आत चीर आहे, आणि ती दोरा कापणारच.

रीळ २५०० साइजचं स्पिनिंग. खोक्यावर बेअरिंगचा आकडा ठळक छापतात, त्याला भुलू नका, ड्रॅग बघा, म्हणजे मासा ओढायला लागला की ताण ठेवून दोरा सोडणारा रीळचा ब्रेक. हाताने ओढल्यावर दोरा एकसारखा सुटला पाहिजे. माझा आधी अडतो, मग झटक्यात सुटतो. लहान माशाला चालून जातं. मोठा पळाला की त्या झटक्यालाच दोरा तुटतो, म्हणून ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या पावपटीवरच ठेवतो.

सोबतचा दोरा सरळ फेकून द्या. रीळवरून सुटला तरी स्प्रिंगसारखी वेटोळी तशीच राहतात. १० पौंड ताण झेलणारा बरा मोनो (एकपदरी नायलॉनचा दोरा) घेतला, स्पूलच्या (रीळवर दोरा गुंडाळतो त्या चकरीच्या) काठाखाली दोनएक मिलिमीटर जागा सोडून भरला आणि फेक लगेच लांबली. काठोकाठ भरलात तर भसाभस सुटून गुंता होतो. फेकल्यावर बेल (रीळवरची दोरा अडवणारी तारेची कमान) हाताने बंद केली की पीळही कमी पडतो. (हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसतं.)

डबीतले गळ बोथट. चांगला गळ नखावर टेकवला की रुततो, हे घसरतात. शिसं, म्हणजे दोऱ्यावर दाबून बसवायची वजनं, तेवढं कामाला आलं. ते दातांनी दाबू नका, पक्कड घ्या.

खाऱ्या पाण्यावरून आलं की ड्रॅग घट्ट करून रीळ गोड्या पाण्याने हलकेच धुतो, पुसतो आणि ड्रॅग सैल करून ठेवतो. हँडलला थोडा खेळ आलाय, पण खरखर नाही. पुढची खरेदी रीळचीच. रॉड बदलायचं कारण अजून तरी दिसत नाही.