चार खणांचं सागवानी कपाट: एक पावसाळा वापरल्यावर

कपाट 600 मिमी रुंद, 480 मिमी खोल. चौकट 18 मिमी सागवान विनियर प्लायची (वर सागाचा पातळ थर चिकटवलेला प्लाय), खणांच्या बाजू 12 मिमी प्लायच्या, चॅनल (खण ज्यांवर सरकतात त्या धातूच्या पट्ट्या) 450 मिमीचे पूर्ण उघडणारे टेलिस्कोपिक. कोकणातल्या दमट हवेत पावसाळाभर रोज वापरलं. खण अडकले नाहीत, आणि त्याचं बरंचसं श्रेय मापाला.

चौकटीचं आतलं माप 564 मिमी. चॅनलला दोन्ही बाजूंनी मिळून 25.4 मिमी जागा लागते, म्हणून खण बाहेरून 538 चा. दोन मिमी जास्त झाला तर तो घासतो आणि कापावाच लागतो. दोन मिमी कमी पडला तर चॅनलमागे कार्डबोर्डची पट्टी घालून निभावतं. पाठीचा 6 मिमी प्लाय ठोकण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत, ते सारखे हवेत. चौकट तिरकी राहिली तर चांगला चॅनलही खडखडतो.

चॅनल आधी लांबट भोकांतून कसावा, खण सरकवून पाहावा, मगच गोल भोकांत स्क्रू. सरसकट 16 मिमीचे स्क्रू वापरले की 12 मिमीच्या बाजूतून टोकं आत निघतात आणि कपडे फाटतात. खणाला 12 चे, चौकटीला 16 चे घ्यावेत.

तळाचा 6 मिमी प्लाय खाचेत बसवलाय. खालून ठोकलेला तळ पुस्तकांच्या वजनाने खिळ्यांसकट सुटतो.

खणांच्या दर्शनी फळ्या भरीव सागाच्या, लाकडाच्या रेषा आडव्या. त्यामुळे रुंदी तशीच राहते, उंची मात्र फुगते. 180 मिमीच्या फळ्यांमध्ये उन्हाळ्यात 3 मिमी फट ठेवली होती. ऑगस्टात ती जवळपास निम्म्यावर आली. फळ्या आतून स्क्रूने, भोक थोडं मोठं ठेवून लावल्या आहेत, फेव्हिकॉल अजिबात नाही.

पॉलिशबद्दल मत जरा कडवट. विनियरवर 80 नंबरचा खरखरीत सँडपेपर लावूच नये, कडेला थर उडून खालचा प्लाय दिसतो. आधी 180 चा पेपर, मग सीलर (पॉलिशखालचा पहिला हात), मग 320 चा. मेलामाइन पॉलिश भर पावसात मारलं तर पांढुरकं पडतं, म्हणून मे महिन्यातच उरकावं. वरच्या फळीला पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश असल्याने गरम कपाचे डाग नाहीत. खणांच्या आत मात्र साधा चपडा (लाखेचं पॉलिश). मेलामाइनचा वास बंद खणात आठवडेच्या आठवडे राहतो.

उणीव एकच. भरलेले वरचे दोन खण एकदम उघडले की कपाट पुढे झुकतं. भिंतीला एल-पट्टीने बांधावंच लागलं.