पोसायडनला भेटायचंय : सूनियन गाठावं की संग्रहालय?

अथेन्समध्ये एकच दुपार मोकळी आहे आणि समुद्रदेव पोसायडनला भेटायचंय, तर पंचाईत अशी : सूनियनच्या टोकावर देऊळ नक्की त्याचं, पण आत मूर्ती नाही. शहरातल्या संग्रहालयात मूर्ती आहे, पण ती त्याचीच का, यावर वाद.

आधी मूर्ती. राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातला हा ब्राँझचा पुतळा युबिआ बेटाच्या उत्तरेला, आर्टेमिसिऑनजवळ समुद्रात सापडला : १९२६ मध्ये एक हात, १९२८ मध्ये बाकीचं अंग. इ.स.पू. ४६० च्या सुमाराचा, उंची २.०९ मीटर. डावा हात पुढे ताणलेला, उजवा मागे, काहीतरी भिरकावण्याच्या पवित्र्यात. नेमकं ते ‘काहीतरी’ हरवलंय. त्रिशूळ असेल तर पोसायडन, वज्र असेल तर देवांचा राजा झ्यूस. (त्रिशूळ दिसला की आपण शंकर म्हणून मोकळे होतो, इथे तीही सोय नाही.) त्रिशुळाचा लांब दांडा चेहऱ्यासमोर आला असता, म्हणून बरेच अभ्यासक झ्यूस म्हणतात. मलाही तेच पटतं. पण तेवढ्यासाठी चुकवू नका. बाजूला उभं राहून बघा. टाच उचललेला तो पाय पाहिला की नावाचा वाद विसरायला होतो.

सूनियन अथेन्सपासून सुमारे ७० किलोमीटर, किनाऱ्याने बसला दोनेक तास. म्हणजे जाऊन-येऊन दुपार संपलीच. आधीचं देऊळ इ.स.पू. ४८० मध्ये इराण्यांनी पाडलं, आजचं त्यानंतर साधारण ४० वर्षांनी उभं राहिलं. पांढरे संगमरवरी खांब, आणि कड्याखाली थेट समुद्र. मुलगा थीसिअसच्या गलबताचं काळं शीड पाहून पोरगा गेला असं समजलेल्या एजिअस राजाने इथूनच उडी टाकली, असं सांगतात. एका खांबावर कवी बायरनचं नाव कोरलेलं आहे. गडांवर नावं कोरणाऱ्यांची जात सगळीकडे सारखीच. अथेन्स शहराचा मान पोसायडनशी लागलेल्या चढाओढीत अथीना देवीने ऑलिव्हचं झाड देऊन पटकावला, पण परतणाऱ्या खलाशांना आधी दिसायचं ते हे टोक, हरलेल्या देवाचं.

मी सूनियनच सांगेन. सोबत लहान मुलं असतील किंवा ऑगस्टचं ऊन असेल, तर मात्र संग्रहालय बरं. सूर्यास्ताला थांबणार असाल, तर परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच विचारून घ्या.