गिलरेची व्यंगचित्रं दारव्ह्यात पोचली, पण वळकटी होऊन

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. दिवाळीआधी ऑनलाइन सहा प्रिंटांचा संच मागवला, साडेआठशे रुपयांत. जॉर्ज राजांच्या काळातली इंग्रजी व्यंगचित्रं, बहुतेक जेम्स गिलरेची. कुरिअर गावापर्यंत येत नाही, म्हणून दारव्ह्याला जाऊन आणला. नळकांडं मधोमध दबलेलं. दोन दिवस गव्हाच्या कोठीखाली ठेवला, तरी एक सुरकुती राहिलीच.

पण चित्रं! १८०५ च्या चित्रात इंग्लंडचा पंतप्रधान पिट आणि नेपोलियन समोरासमोर बसून पृथ्वीचा गोळा पुडिंगसारखा कापतात. पिट काडीसारखा, नेपोलियन बुटका, डोक्यावर हीऽ मोठी पिसांची टोपी. पिटच्या हातात त्रिशूळासारखा काटा. शेजारचे काका बघून म्हणाले, "गुरुजी, हे तं आमच्या वावराच्या हिश्श्यासारखं हाये!"

१७९२ च्या चित्रातला इंग्लंडचा जाडा युवराज, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज राजा, जेवून सुस्तावलाय, वास्कुटाचं बटण तुटायला आलंय. आमची ही म्हणाली, "अवो, हा मानूस काट्यानं दात कोरून रायला!" मागं थकलेली बिलं दिसतात, ती भिंग लावून पाहा.

मूळ चित्रं तांब्याच्या पत्र्यावर आम्लानं कोरून छापत, मग एकेक हातानं रंगवत. इथं रंग जरा भडक आलाय, सैनिकांचे लाल डगले तर शेंदूर फासल्यासारखे. रेषा मात्र शाबूत. कागद पातळ, चौकट करूनच लावा.

पाचपैकी साडेतीन. दीड गुण त्या नळकांड्याचे कापले.