सोनेरी स्टिकरचं सर्टिफिकेट

परभणीत माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. इंटर्नशिप धरून बीपीटीएच ही फिजिओथेरपीची पदवी (माझ्या वेळी साडेचार वर्षांची) झाली, की पुढचं शिकणं ज्याचं त्यानं बघायचं. आमच्याकडून चांगलं वर्कशॉप गाठायचं म्हणजे पुणे-मुंबई, म्हणजे दोन-तीन दिवस क्लिनिक बंद. त्यामुळे ‘ड्राय नीडलिंग, दोन दिवस, छत्रपती संभाजीनगर’ ही पोस्ट (म्हणजे दुखऱ्या स्नायूत बारीक सुई घालून उपचार करायला शिकायचं) व्हॉट्सअ‍ॅपवर आली तेव्हा मला कोण आनंद! खाली ठळक अक्षरांत आमची नोंदणी ठेवणाऱ्या परिषदेचे क्रेडिट पॉइंट, आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट. फी ८,५००, आजच भरली तर ६,५००. क्यूआर कोड स्कॅन केला तर संस्थेऐवजी कुण्या माणसाचं नाव आलं. क्षणभर थांबले, आणि भरून टाकले.

हॉलमध्ये साठेक जण आणि प्लिंथ, म्हणजे पेशंटला झोपवायचा पलंग, एकच. मागच्यांनी मोबाईल झूम करून बघायचं. सरांनी एका पोराच्या ट्रॅपेझियसमध्ये, मान आणि खांद्याच्या मधोमध, सरळ सुई घातली. ‘‘बघा, किती सोपंय.’’ तिथं खाली फुप्फुसाचं टोक असतं. स्नायू चिमटीत उचलून धरायचा, सुई फुप्फुसाच्या दिशेनं जाऊ द्यायची नाही. गेली तर छातीत हवा शिरून फुप्फुस मिटतं. यातलं अक्षरही नाही. मी विचारलं तर म्हणाले, ‘‘मॅडम, ते अ‍ॅडव्हान्स लेव्हलला.’’ त्याची फी वेगळी, बारा हजार. दोन दिवसांत माझ्या हातात सुई एकदाही आली नाही. सुयांचा डबा मात्र विकत घ्यायला लावला. (जेवण चांगलं होतं, खोटं कशाला बोलू.)

सर्टिफिकेटच्या कोपऱ्यात सोनेरी स्टिकर, खाली क्रेडिटचा नंबर. यांनी हौसेनं फ्रेम करून आणलं. सात-आठ महिन्यांनी एका ज्युनिअरनं कोर्सबद्दल विचारलं, म्हणून परिषदेत फोन लावून नंबर सांगितला. तो नंबर दुसऱ्याच शहरातल्या, दुसऱ्याच विषयाच्या कार्यक्रमाचा निघाला. आयोजकांचा मोबाईल तोवर बंद.

हाच फोन पैसे भरायच्या आधी केला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. शिकवणाऱ्याचा रजिस्ट्रेशन नंबर मागायचा, किती जणांमागे एक प्लिंथ ते विचारायचं, संस्थेच्या नावाची पावती घ्यायची. एवढं मी बाजारात साडी घेतानाही करते. आणि पेड्रो नावाचा फिजिओथेरपीच्या संशोधनाचा साठा १९९९पासून फुकट खुला आहे, उपचारांच्या चाचण्यांना (ट्रायलना) दहापैकी गुणसुद्धा दिलेले असतात. तिथं अर्धा तास बसले असते तर ‘एका सिटिंगमध्ये दुखणं कायमचं बंद’ या सरांच्या वाक्याला मी मान डोलावली नसती.

ऑनलाइन पैसे गेल्याचं लगेच लक्षात आलं तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करता येतो. मला फारच उशीर झाला होता. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय. आम्ही तिघीच पुढे आलोय, बाकीचे लाजेनं गप्प आहेत. तुमच्याही सर्टिफिकेटवर तसला स्टिकर असेल तर फ्रेम उतरवा आणि तो नंबर परिषदेला एकदा विचारा.