जुन्या वाकळांची दुरुस्ती, सांगली गावभाग : काम एक नंबर, पण घाई असेल तर जाऊ नका

सांगलीत नवीन गोधडी शिवून देणारे चिक्कार आहेत, जुनी दुरुस्त करणारं माणूस शोधताना मात्र घाम फुटतो, म्हणून हे लिहितेय. आमच्या आजेसासूबाईंच्या हातची वाकळ, आत लुगड्यांचे थर, वर इरकलीचे तुकडे. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा घरातली ट्रंक बुडाली, त्यात ही पण. तेव्हाच वाळवली, पण गाळ तसाच बसला आणि मधले टाके उसवत गेले. एक लॉन्ड्रीवाला म्हणाला मशीनला टाकतो, चकाचक होईल. चिंध्या झाल्या असत्या चकाचक!

मग गावभागातल्या या गोधडीवाल्या मावशींचं कळलं. बोर्ड बिर्ड काही नाही, घरातच काम. आधी प्रत्येक रंगावर ओलं पांढरं फडकं दाबून बघितलं, लाल काठाचा रंग लगेच फडक्याला लागला, म्हणाल्या, "ही पाण्यात घालायची न्हाई बघा, सगळीकडं लाल हुईल." मग मच्छरदाणीचा तुकडा वर पसरून त्याच्यावरनं व्हॅक्यूम अगदी हळू फिरवून सुकी माती ओढून घेतली. डाग राहिलेत, पण ते राहणार हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

शिवण मात्र बघत बसावी अशी. चांगला असलेला एकही जुना टाका काढला नाही, जिथं दोरा तुटलाय तिथं त्याच भोकांतून सुती दोऱ्याने धावदोरा घातलाय. पॉलिस्टरचा दोरा हातात पण धरत नाहीत, कारण तो तुटत नाही आणि ओढ बसली की जुनं कापडच कापतो. ठिगळं सुद्धा धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतरांची, नवं कापड आटतं आणि आजूबाजूचं ओढून घेतं. चंद्रकळेचा, म्हणजे काळ्या लुगड्याचा तुकडा पार विरला होता (काळा रंग कापड खातो म्हणे, माझ्या आईचं पण हेच म्हणणं), तो तसाच ठेवून वरून बारीक नेट टाचलंय, त्यामुळे खालचं दिसतं पण भुगा पडत नाही.

आता तक्रारी. तारीख दिली की ती पुढं जाणारच. पावती नाही, त्यामुळे देताना दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. कडेला निळी पट्टी लावलीय ती मला अजिबात आवडली नाही, न विचारता लावली, पण उसवता येते. पैसे नव्या गोधडीपेक्षा जास्त पडतात, हाताचं काम आहे, मला ते पटलं.

ठेवायची कशी ते पण नीट सांगतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, दमट राहून बुरशी धरते. धुतलेल्या मांजरपाटात सैल गुंडाळायची, घडी घातलीच तर अधूनमधून बदलायची, डांबरगोळ्या कापडाला टेकवायच्या नाहीत.

थंडीच्या तोंडावर त्यांच्याकडे नव्या गोधड्यांची गर्दी असते, दुरुस्तीचं काम उन्हाळ्यातच नेऊन द्या.